झोपलात का?

दापोली तालुक्यातल्या आमच्या मुरुडात दुपारची जेवणं झाल्यापासून चार वाजेपर्यंत कोणी कोणाला उठवू नये असा नियम आहे, आणि तो मोडण्याचा हक्क गावात प्रत्येकाला आहे. नारळ पाडायला आलेला गडी, लग्नपत्रिका घेऊन आलेले आंजर्ल्याचे पाहुणे, मीटर बघणारा, 'डॉल्फिन नक्की कुठे दिसतात' हे विचारायला आलेलं पुण्याचं कुटुंब, सगळे अंगणातून एकच प्रश्न टाकतात, "झोपलात का?" या प्रश्नाला 'हो' असं उत्तर देता येत नाही. 'नाही' म्हटलं तर उठावं लागतं. गप्प राहिलं तर विचारणारा ओटीवर चढून तोच प्रश्न जवळून विचारतो. आमचे काका जेवणानंतर आडवे होताना काकूला रोज बजावतात, "महत्त्वाचं असेल तरच उठव." आजवर बिनमहत्त्वाच्या कामासाठी त्यांना कोणी उठवलेलं नाही. निदान उठवणाऱ्याच्या मते तरी.

अशा गावात, अशा घरात एक संगणक आला आणि रात्री-अपरात्री आपला आपण जागा होऊ लागला. यात नवल वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पण वाटलं.

फाटकावर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी लागली, तिच्यामागोमाग तो आला. पूर्वी भाताची कणगी असायची त्या कोपऱ्यात टेबल मांडलं, टेबलाच्या आखूड पायाखाली कौलाचा तुकडा सारला आणि आरक्षणं, बिलं, मोदकांच्या ऑर्डरी सगळं त्याच्या हवाली झालं. काका त्याला कधीही बंद करत नाहीत. "बंद केला आणि उद्या चालूच झाला नाही तर? चालू आहे तोवर चालू दे." उतारावर उभ्या केलेल्या गाडीबद्दल ड्रायव्हरला वाटावा तसा हा अविश्वास आहे आणि तो विहिरीच्या पंपालाही लागू आहे. मग वीज तर जळू नये आणि बंदही करावा लागू नये, यातला मध्यममार्ग म्हणून त्याला रात्री झोपवायचं ठरलं.

संगणक झोपतो म्हणजे काय होतं, हे इथे सांगायला हवं. पडदा विझतो, पंखा थांबतो, चकती थांबते, मुख्य मेंदू निजतो. फक्त तात्पुरत्या स्मृतीला थोडी थोडी वीज मिळत राहते, म्हणून अर्धवट लिहिलेलं बिल सकाळी जिथल्या तिथे सापडतं. या झोपेच्या पायऱ्यासुद्धा ठरलेल्या आहेत. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून वीज-व्यवस्थेची एक नियमावली काढली. तिच्यात टक्क जागेपणाला एस-शून्य म्हणतात, पूर्ण बंद अवस्थेला एस-पाच. आपण ज्याला झोप म्हणतो ती बहुधा एस-तीन. या झोपेत काही पहारेकरी मुद्दाम जागे ठेवलेले असतात. मालक आला तर आत वर्दी कोणी द्यायची, म्हणून. सगळा घोळ या पहारेकऱ्यांचा.

रात्री सामसूम झाली, समुद्राचा आवाज तेवढा उरला, की ओटीवर एकदम घर्र करून पंखा सुरू व्हायचा. निळा उजेड पडवीपर्यंत यायचा. मग शेजारचा प्रिंटर, कोणी काही छापायला सांगितलेलं नसताना, घसा साफ करून घ्यायचा. थोड्या वेळाने सगळं परत गप्प. ठाण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी सकाळी चहा घेताना विचारलं, "तुमच्याकडे रात्री कोणी कामाला असतं का?" काका म्हणाले, "हिशेब चालतात." खाणावळीची पत वाढली असावी, कारण गृहस्थांनी बिलात घासाघीस केली नाही.

घरात मात्र चौकशी सुरू झाली. शेजारच्या अण्णांचं मत पडलं की कणगी हलवली हेच चुकलं. त्या कोपऱ्यावर वाडीच्या राखणदाराची नजर असते, त्याला न विचारता तिथे पेटी ठेवलीत. काकूचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण नारळ घरचेच आहेत. तिने संध्याकाळी एक नारळ टेबलावर ठेवला. रात्री तो टेबलाच्या उतारावरून घरंगळून कळफलकावर आला आणि संगणक नेहमीपेक्षा लवकर उठला. अण्णा म्हणाले, "बघा, नारळ पोचला."

पुढचा उपाय दापोलीचा. संगणक स्कूटरवरून तालुक्याला गेला. दुरुस्तीवाल्या मुलाने लक्षणं पुरती ऐकायच्या आधीच निदान केलं, "फॉरमॅट मारावा लागेल." महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात संगणकाला कुठलाही आजार झाला तरी हेच औषध असतं. खोकला झाला म्हणून रुग्णाचं पूर्वायुष्य पुसून टाकायचं. आरक्षणं पुसली जातील म्हटल्यावर काका संगणक उचलून घरी घेऊन आले आणि मला फोन केला. मी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने टीव्हीचा रिमोट, गॅसचा लायटर आणि कोणाकोणाचा पासवर्ड हे सगळं माझ्याच खात्यात येतं.

आता हे काम काही फार मोठं नाही. विंडोजवर काळी खिडकी उघडायची, पॉवरसीएफजी लिहायचं, तिरपी रेघ द्यायची आणि लास्टवेक लिहायचं. म्हणजे विचारायचं, बाबा रे, तुला शेवटचं कोणी उठवलं? मी गावी जाऊन हे विचारलं तेव्हा काका, काकू, अण्णा आणि दूध घालायला आलेला मुलगा असे पंच मागे उभे होते. उत्तर आलं : वेक हिस्टरी काउंट, शून्य. म्हणजे मला कोणी उठवलंच नाही. हे तो टक्क जागा राहून, आमच्या तोंडावर सांगत होता.

"साक्षीदार फुटला," अण्णा म्हणाले.

असं बऱ्याचदा होतं. मग घटनांच्या नोंदवहीत शिरून पॉवर-ट्रबलशूटर या नावाच्या नोंदी वाचाव्या लागतात. तिथे झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणाऱ्याचं नाव असतं. नावाच्या जागी पुष्कळदा 'अननोन' असतं, पण सगळीकडे नसतं. दुसरी आज्ञा जास्त कामाची. तिने उठवायची परवानगी कोणाकोणाला आहे त्यांची यादी येते. आमच्या यादीत कळफलक होता, माऊस होता, तोच माऊस दुसऱ्या नावाने पुन्हा होता आणि नेटवर्क कार्ड होतं.

"यांना परवानगी दिली कोणी?" काकांनी विचारलं.

"कारखान्यातूनच मिळते."

"आपल्याला न विचारता?"

"हो."

"साधी ग्रामसभा तरी घ्यायची," असं म्हणून काका बंगईवर जाऊन बसले. त्यांचा राग मला समजत होता. दुपारी त्यांना उठवणाऱ्यांची यादीही अशीच, त्यांना न विचारता, परस्पर मंजूर झालेली आहे.

माऊसची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्याच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे फोटो सेकंदाला हजारांनी काढतो आणि दोन फोटोंत फरक दिसला की हालचाल झाली असं समजतो. काही माऊस संगणक झोपल्यावरही हा पहारा सोडत नाहीत. त्यात आमचं टेबल कौलाच्या तुकड्यावर उभं. रात्री कोणी न्हाणीघराकडे निघालं की जमीन हलायची, टेबल डुगडुगायचं, माऊसला वाटायचं मालक आले. पाहुण्यांच्या खोल्या भरलेल्या असतील त्या रात्री संगणक जास्त वेळा उठायचा. पाहुणे गेले की शांत झोपायचा. राखणदाराचा पाहुण्यांवर राग आहे, हा अण्णांचा निष्कर्ष त्यामुळे दिवसेंदिवस बळकट होत गेला होता.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या नावावर जाऊन, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, 'या उपकरणाला संगणक उठवू द्यावा' या अर्थाच्या ओळीपुढची खूण काढली. दोन्ही नावांची काढली, आणि नारळ आठवून कळफलकाचीही. हे झालं त्यांचं.

नेटवर्क कार्डाचं प्रकरण वेगळं. दूर बसून झोपलेला संगणक उठवता यावा म्हणून एक युक्ती आहे, तिच्यातल्या निरोपाला मॅजिक पॅकेट म्हणतात. आधी सगळे बिट एक असलेले ६ बाइट, मग त्या संगणकाचा पत्ता १६ वेळा, असा १०२ बाइटांचा निरोप. झोपलेल्या कार्डाने आपला पत्ता लागोपाठ सोळा वेळा ऐकला की यंत्राला उठवायचं. मला यातला सोळा हा आकडा फार आवडतो. चुकून कोणी हाक मारली असेल, वाऱ्याचा आवाज असेल, शेजारच्याला बोलावत असतील, या साऱ्या शंका फिटाव्यात एवढी आवर्तनं. आमच्याकडे एका हाकेत माणूस उठला नाही तर दुसरी हाक थेट चादर ओढूनच मारतात.

पण पुष्कळ कार्डांना या सोळा आवर्तनांखेरीज साध्या हाकाही चालतात. जाळ्यातल्या दुसऱ्या कोणी 'अमुक पत्त्याचं यंत्र इथे आहे का' एवढं विचारलं तरी ती मालकाला उठवतात. आणि आमचं जाळं म्हणजे पाहुण्यांना मोफत दिलेलं वायफाय. दिवसभर कर्द्यापर्यंत किनारा तुडवून, सुरमईची थाळी जेवून, थकलेली माणसं रात्री फोन घेऊन आडवी होतात. माणसं झोपतात, फोन झोपत नाहीत. ते अंधारात इकडेतिकडे विचारत फिरतात, इथे प्रिंटर आहे का, टीव्ही आहे का, कोणी ओळखीचं आहे का? म्हणजे 'झोपलात का' हा प्रश्न फोनांनीही उचलला. त्यावरही उपाय आहे. कार्डाच्या त्याच पानावर 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवावं' अशी एक खूण असते. आम्हाला दुरून उठवायचंच नव्हतं, म्हणून मी सगळी परवानगीच काढून घेतली.

तरी रात्री दोन वाजता तो उठलाच. ही वेळ विंडोजने स्वतः ठरवलेली आहे. देखभालीची कामं, म्हणजे झाडलोट, तपासणी, नवी भर घालणं, यांची मूळ वेळ रात्री २ ची ठेवलेली असते आणि त्यासाठी झोपलेल्या यंत्राला उठवायची सोयही असते. हर्णै बंदरातले लोक अवेळी उठतात ते मासळीसाठी. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर उजाडायच्या आत उठतो तो पहिल्या फेरीसाठी. हा उठून स्वतःचीच दाढी करत बसणार. ते बंद केलं. शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये, स्लीपच्या पोटात, वेक टायमर्स नावाची ओळ असते. गजर लावून ठेवलेल्या साऱ्या कामांचा तो मुख्य नळ. तिथे तीन पर्याय दिसले : चालू, बंद आणि 'फक्त महत्त्वाचे'.

तिसरा पर्याय मी मोठ्याने वाचला तेव्हा बंगईवरून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "महत्त्वाचं कोण ठरवणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उठवणारा." "मग बंद कर," काका म्हणाले. इतका अनुभवाचा सल्ला मला कुठल्याही तांत्रिक पुस्तकात मिळाला नव्हता.

झोपमोडीचा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही छळत असावा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम सांगताना म्हटलं आहे की ओसाड घरात एकट्याने झोपू नये आणि आपल्याहून श्रेष्ठ असलेला माणूस निजलेला असेल तर त्याला उठवू नये. दोन्ही कलमं एकाच श्लोकात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे दापोलीच्या शाळेत शिकले. म्हणजे या विषयावर बोलायला आमचा तालुका तसा अधिकारी आहे. पण त्या श्लोकात आपल्याहून कनिष्ठ झोपला असेल तर काय करायचं ते नाही. घराघरांतल्या सुनांनी आणि मुलांनी त्याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या पहाटे भोगला आहे.

देवांची व्यवस्था मात्र नमुनेदार. विष्णू आषाढ शुद्ध एकादशीला निजतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात. गजर पंचांगातच लावलेला. मधे भाद्रपदात परिवर्तिनी एकादशीला कूस बदलतात, पण उठत नाहीत. देखभाल असावी तर अशी! आणि ती झोप साधी नव्हे, योगनिद्रा. म्हणजे झोपलेलंही आणि सगळं कळतंही. मुचुकुंद राजाचं धोरण आणखी कडक होतं. देवांच्या बाजूने लढून लढून दमल्यावर त्याने वर मागितला तो झोपेचा, आणि जो उठवेल तो भस्म होईल ही अट. कृष्णाच्या मागे गुहेत शिरलेल्या कालयवनाने अंधारात याला लाथ मारली आणि तो जागच्या जागी राख झाला. या गोष्टीची काकांना मी आठवण करून दिली, तेव्हापासून ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये तशी खूण आहे का, असं अधूनमधून विचारतात.

पण खऱ्या मुरुडकराला विजेशिवाय दुसरा शत्रू नाही. एस-तीनच्या झोपेत स्मृतीला थोडी तरी वीज लागतेच. ती गेली की झोप संपून थेट मरणच येतं आणि अर्धवट बिलही त्याबरोबर जातं. वीज परत आली की काही यंत्रं आपण होऊन सुरू होतात. तशी सोय बायोसमध्ये असते. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते आणि यायच्या आधी दोन-तीन वेळा डोळे मिचकावते. प्रत्येक मिचकावणीला तो उठायचा. ती खूण बदलून 'वीज आली तरी बंदच राहा' अशी केली. फार महत्त्वाचं काम असेल तर हायबरनेट करावं. त्यात सगळी स्मृती चकतीवर लिहून ठेवून यंत्र पूर्ण बंद होतं, वीज गेली तरी फिकीर नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुरुड, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब मोडून पडले. वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. काका अजून सांगतात, त्या दिवसांत संगणक रात्री एकदाही उठला नाही. त्यांच्या मते हा उपाय पक्का आहे, फक्त महाग पडतो.

उठवणाऱ्यांशी मुरुडचं वागणं मुळातच फारसं गोड नाही. महर्षी कर्वे इथे वाढले. सहावीच्या परीक्षेसाठी इथून शंभरावर मैल चालत, घाट चढून साताऱ्याला गेले, तर तिथल्या साहेबाने 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परत पाठवलं. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गाव त्या वेळी झोपेत होतं म्हणणं अन्यायाचं होईल. ठराव करायला सगळे टक्क जागे होते. मग कर्वे शंभर वर्षांचे झाले, १९५८ साली भारतरत्न झाले, आता गावात त्यांचं स्मारक आहे आणि आम्ही पाहुण्यांना ते दाखवतो. हे सगळं माहीत असलेले अण्णा एकदा संगणकासमोर उभे राहून म्हणाले, "अरे, त्या काळ्या खिडकीत गावाचं नाव घाल ना. शेवटचं कोणी उठवलं ते बघू." मी म्हटलं, तशी सोय नाही. "असती तरी अननोनच आलं असतं," अण्णा म्हणाले आणि दूध घेऊन गेले.

एवढं सगळं झाल्यावर संगणक शहाण्यासारखा झोपू लागला. इतका, की आता कळफलक बडवला, माऊस फिरवला तरी ढिम्म. पेटीवरचं बटण दाबलं तरच उठतो. काकांना त्याचा हेवा वाटतो हे ते लपवत नाहीत.

आषाढ लागला आणि काकूचा फोन आला. मुरुडच्या पावसात काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, पापड सादळतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत पोह्यांच्या पापडांचा डबा संगणकाच्या पेटीवर ठेवला की ते रात्रीत खुटखुटीत व्हायचे. तो उठायचा, तापायचा, परत निजायचा, तेवढी ऊब पुरायची. आता पेटी गार.

"त्याला रात्रीचा झोपू न द्यायची काही आज्ञा असते का रे?" काकूने विचारलं.

असते. पण तोवर चुलतभाऊ त्याचा नवा लॅपटॉप घेऊन गावी आला होता. नव्या पद्धतीचे हे लॅपटॉप एस-तीनमध्ये जातच नाहीत. पडदा मिटून निजलेले दिसतात, आत मात्र निरोप घेणं-देणं चालू ठेवतात आणि कधी कधी बॅगेतल्या बॅगेत चांगले तापतात. दापोलीहून एसटीने येईपर्यंत त्याची बॅग गरम झाली होती. भावाने ती घाबरून ओटीवर ठेवली. काकूने वरून हात लावून पाहिला, आत जाऊन पापडांचा डबा आणला आणि बॅगेवर बसवला.

"हा बरा आहे," ती म्हणाली. "झोपला तरी घराच्या उपयोगी पडतो." आणि बंगईकडे बघून तिने आवाज जरा वाढवला, "ऐकलंत का? की झोपलात?"